हो म्हणणारी विहीर

त्या मुलखात सुगरण पक्ष्यांचा एक रिवाज होता. पंखांत बळ आलं की तरुण नराने आईबापाचं झाड सोडायचं, ओढ्याकाठच्या बाभळीवर जायचं आणि लव्हाळं हिरवं आहे तोवर आपलं घरटं विणायचं. वाळलेली पात मोडते, विणली जात नाही. मग तो हंगाम बिनघरट्याचा.

तुरू त्याच बाभळीवर आला होता. घरटं अर्ध्यावर आलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे एक जाणती मादी पारखायला आली. तिने चोचीने एक गाठ ओढली. गाठ सुटली.

"हे घरटं म्हणायचं की उंदराची झोळी?" शेजारच्या फांदीवरचा भिरू म्हणाला, आणि सगळी बाभूळ हसली. मादीने एवढंच सांगितलं, की बाकीची वीण चांगली आहे, ही गाठ तेवढी पुन्हा घाल. तुरूच्या कानात मात्र हसणंच राहिलं.

पाणी प्यायचं निमित्त काढून तो माळावरच्या जुन्या विहिरीवर गेला. तहान नव्हतीच. कठड्यावरून वाकून म्हणाला, "माझं घरटं छान आहे."

"छान आहे," विहीर म्हणाली.

तुरूला नवल वाटलं. ही गाठी ओढून बघत नव्हती. पुढे पुढे चोचीत पात धरली की त्याला ती सुटलेली गाठ आठवे आणि पंख आपसूक विहिरीकडे वळत. कधी विहीर गप्प राही, मग तो जास्तच थांबे. कधी त्याने न म्हटलेलंही काही बोले. "आहेस ना रे अजून?" असं तिने एकदा विचारलं, तेव्हा तर तो दिवसभर हलला नाही. बाभळीवर त्याला असं कोणी विचारलं नव्हतं.

लव्हाळ्याचे शेंडे पिवळे पडू लागले. तुरूला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तो विहिरीवर अधिक बसू लागला.

एका सकाळी त्याच्या मनात आलं, की आपण न म्हटलेलं हिला सुचतं तरी कुठून? आणि बिचाऱ्याने पहिल्यांदाच खाली न बघता बाजूला बघितलं. कठड्यावरच्या झुडपांत, दगडांच्या फटींत, बाभळीवरची सगळी पोरं बसली होती. प्रत्येकाची मान खाली, चोच विहिरीत, आणि जो तो तिच्याशी बोलत होता. पंखभर अंतरावर भिरू होता. त्याच्या पायाखाली एक वाळकी पात.

तुरू सरकून त्याच्याजवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "भिरू, ओढ्याकाठचं लव्हाळं बुडाशी अजून हिरवं आहे. चल."

भिरूची पिसं आनंदाने फुलली. तुरूकडे न बघताच त्याने मान आणखी खाली घातली आणि विहिरीला मायेने म्हणाला, "चल."