इंदुलेखा राणीचे वर्ष

एका राज्यात, ज्याच्या वेशीवरचा नगारा तीन नद्यांपलीकडे ऐकू जाई, रणधवल नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, देखणा होता आणि लुटीचा शौकीन होता. दसऱ्याला शिलंगण करून निघायचा तो ज्येष्ठ सरेपर्यंत परतायचा नाही. परतायचा तेव्हा उंटांच्या पाठी वाकलेल्या असायच्या. लोक वाजतगाजत सामोरे जात. लूट कोणाची, हे कोणी विचारीत नसे. त्याची राणी इंदुलेखा, तीही विचारीत नसे. राजा नवी वस्तू तिच्या हातात देई, राणी हसून ती कोनाड्यात ठेवी.

एका वर्षी नागपंचमीला राणी माहेरी गेली. तीन वर्षांच्या बाळराजांना अंगात कसर होती, म्हणून त्यांना मागेच ठेवले. एका रात्रीचे माहेरपण करून ती परतली, तर वेशीवरचा पहारेकरी भाला धरून उभा आणि त्याच्या डोक्यावर कावळा बसलेला.

भोई म्हणाले, "राणीसाहेब, हा हलत नाही."

राणी मेण्यातून उतरली. पहारेकऱ्याच्या गालाला तिने हात लावला. गाल दगडाचा होता. बाजारपेठेत तेली दगडाचा होता, त्याच्या मापातून सुटलेली तेलाची धारही दगडाची होती. भोयांनी मेणा तिथेच टाकला आणि पळ काढला. राणी एकटीच राजवाड्यात शिरली.

सदरेवर राजा एका गुडघ्यावर बसला होता. समोर चौरंगावर बाळराजे पाय पुढे करून उभे. राजा त्यांच्या पायांत पैंजण घालत होता आणि तोंडभर हसत होता. हसू दगडाचे, बाळराजांचे डोळे दगडाचे. पैंजण तेवढे चांदीचे होते.

खिडकीत टिटवी बसली होती. ती म्हणाली, "रडून झालं की सांग. मग बोलते."

राणी बराच वेळ रडली. मग म्हणाली, "बोल."

"राजाने या खेपेला तीन वस्तू आणल्या. तिन्ही जादूच्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. पैंजण आणले त्या घरात एक मूल मेलं. त्या मुलाच्या आईने शाप दिला. जो या नगरात त्या क्षणी होता, तो दगड झाला. पुढच्या नागपंचमीच्या आत तिन्ही वस्तू ज्यांच्या त्यांना पोचव. नाही पोचल्या, तर दगड तो दगडच."

"मी घराबाहेर कधी पायी गेले नाही," राणी म्हणाली.

"जाशील," टिटवी म्हणाली.

राणीने लेकाच्या दगडी पायांतून पैंजण काढले. राजाची बोटे आड येत होती. तिला ती हलवता येईनात. शेवटी बोटांच्या फटीतून ओढून पैंजण काढले, तेव्हा तिच्याच हाताची सालपटे निघाली. लुटीच्या ढिगातून टिटवीने दाखवला तो एक शंख तिने घेतला आणि सोन्याचे एक ओगराळे घेतले. तिन्ही वस्तू पदरात बांधून ती निघाली. टिटवी पुढे उडत राहिली.

शंख एका खिंडीतल्या मांत्रिकाचा होता. भृशुंड त्याचे नाव. शंख फुंकून तो वाऱ्याला बोलवी आणि दोराने खांबाला बांधून ठेवी, म्हणून खालच्या गावांची छपरे टिकत. शंख गेल्यापासून वारा मोकाट होता. राणी खिंडीत पोचली तेव्हा एकाही घरावर छप्पर नव्हते, आणि बायका लेकरांना दगडांना बांधून निजवत होत्या.

भृशुंडाने शंख घेतला, पुसला आणि विचारले, "दोर कुठे?"

"दोर मला मिळाला नाही."

"मिळायचा नाही. तुझ्या राजाच्या लोकांनी तो जाळून त्यावर मांस भाजलं. माझ्या सात पिढ्यांच्या बायकांच्या केसांचा दोर होता तो."

राणीला कळले. ती म्हणाली, "सवाष्णीने केस उतरू नयेत."

"वारा ते बघत नाही," भृशुंड म्हणाला.

राणीने विळा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने केस कापले. गुडघ्याखाली रुळणारे केस ते, पण दोराला पुरेनात. मग ती दारोदार फिरली. ज्या बायकांची छपरे तिच्या नवऱ्यामुळे गेली, त्यांच्याकडे केस मागितले. काहींनी दिले, काहींनी तिच्या तोंडावर दार लावले. सारा हिवाळा ती दोर वळत बसली. दोर पुरा झाला, भृशुंडाने शंख फुंकला आणि वाऱ्याला खांबाशी बांधले. तिचे आभार कोणी मानले नाहीत. तिलाही त्याचे नवल वाटले नाही, आणि नवल वाटले नाही याचेच तिला वाटेत नवल वाटले.

ओगराळे रानातल्या एका गावचे होते. त्या गावात एक हंडा होता. त्या ओगराळ्याने वाढले तर हंडा कधी रिता होत नसे. दुसऱ्या कशानेही वाढले तर त्यातून राख येई. राणी गावात आली तेव्हा माणसे झाडाच्या साली उकडून खात होती. एका म्हातारीने विचारले, "कोण गं तू?"

"राजा रणधवलाची राणी. तुमचं ओगराळं परत आणलंय."

तिचे पुढचे बोलणे कोणी ऐकले नाही. पहिला धोंडा म्हातारीनेच मारला. राणीची भुवई फुटली, दोन दात पडले. ती पडली तशी पदरातले ओगराळे मातीत घरंगळले, तेव्हा कुठे हात थांबले. म्हातारीने ओगराळे उचलले, पण तिच्या हाताला इतके कापरे भरले होते की वाढता येईना. राणी उठली, तोंडातले रक्त थुंकली आणि म्हणाली, "द्या इकडे. मी वाढते."

त्यानंतर उन्हाळाभर तीच वाढत होती, कारण गावात उभे राहायचे बळ कोणात नव्हते. पंक्तीत ती शेवटी बसे. एकदा तिने म्हातारीला विचारले, "मला धोंडा मारल्याचं वाईट वाटतं का?"

म्हातारी जेवता जेवता म्हणाली, "नाही. तुझं जेवण मात्र गोड लागतं."

तिथून पुढची वाट तीन राज्यांतून जात होती. तिन्ही राज्ये रणधवलाने लुटलेली होती. प्रत्येक नाक्यावर तिला कोण म्हणून विचारीत. पहिल्या नाक्यावर ती म्हणाली, "कुंभाराची विधवा," आणि तिचा जीव खालीवर झाला. नवरा दगडाचा का होईना, होता. दुसऱ्या नाक्यावर काही वाटले नाही. तिसऱ्या नाक्यावर तिने मेलेल्या कुंभाराचे नाव सांगितले, त्याच्या खोकल्याचे वर्णन केले, आणि शिपायाने हळहळून तिला भाकरी दिली. ती तिने खाल्ली. टिटवी म्हणाली, "राणी, तू तरबेज झालीस."

"हो," राणी म्हणाली.

पैंजणवाल्या घराला अंगण होते आणि अंगणात तमसा बसली होती. शाप तिचाच. ती राणीच्याच वयाची होती.

राणीने पैंजण तिच्या पुढ्यात ठेवले. तमसाने ते उचलले नाहीत. म्हणाली, "पैंजण आणलेस. आता पाय आण."

राणी तिच्यासमोर मातीत बसली.

"शिपायाला पैंजण निघत नव्हते," तमसा म्हणाली. "पोर ओरडत होती. त्याला घाई होती. तुझा राजा घोड्यावर बसून म्हणाला, आटप. बस, एवढंच म्हणाला. शिपायाने पोरीचं तोंड दाबलं, आणि ती कायमची गप्प झाली. माझ्या लेकीला तो ओळखतही नव्हता."

"मला काय करायचं ते सांगा," राणी म्हणाली.

तमसा तिला घरात घेऊन गेली. खाटेवर चार वर्षांची मुलगी निजली होती. मंत्राने तिचे शरीर जसेच्या तसे राहिले होते. टाचेला लागलेली माती तशीच होती.

"वर्ष होत आलं, हिला मातीत ठेवायला माझा हात होत नाही," तमसा म्हणाली. "तू ठेव."

राणीने पाणी तापवले. मुलीला न्हाऊ घातले, टाचेची माती धुतली, केस विंचरले. पायांत पैंजण घातले. बाळराजांच्या पायांहून ते पाय थोडेसे मोठे होते. मग अंगणातल्या पारिजातकाखाली तिने हातांनी खड्डा केला, कारण कुदळ मारायला तिचा जीव धजेना. मुलीला आत ठेवून वर माती लोटली. राणीने पहिली मूठ टाकताच तमसा घरात निघून गेली, आणि सगळे झाल्यावर बाहेर आली.

"जा," ती म्हणाली. "उठतील सगळे. त्यांना वर्ष गेलेलं कळायचंही नाही."

राणी दारातून मागे वळली. "राजा पुन्हा इकडे आला तर?"

"येऊ दे. माझ्यापाशी आता काही नाही. तो शाप लेकीसाठी निघाला होता. तो पुन्हा निघायचा नाही, दुसऱ्या कोणाला देताही यायचा नाही. मी आता नुसती बाई आहे."

राणी परत फिरली. वाटेत एका डोहात तिने वाकून पाहिले. डोक्यावर बोटभर केस, भुवईवर वण, तोंडात खिंडार, रंग करपलेला. चेहरा पाहून तिला दुःख झाले नाही. एक गोष्ट मात्र तिला खुपत राहिली. वर्षभर ती स्वतःला सांगत आली होती की हे सारे ती नवऱ्यासाठी आणि लेकासाठी करते आहे. पण पारिजातकापाशी हात मातीत असताना तिला नवरा आठवला होता, आणि क्षणभर वाटले होते की त्याने दगडच राहावे. तो क्षण गेला होता. पण येऊन गेला होता. आता नगर जवळ येत चालले तसतशी ती भरभर न चालता सावकाश चालू लागली. टिटवी नदीच्या अलीकडेच थांबली. "पुढे तुझं घर," म्हणाली आणि उडून गेली.

नगराच्या लेखी ती वर्षापूर्वीचीच सकाळ होती, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. सगळे नुकतेच जागे झाले होते. तेल्याची धार मापातून भांड्यात पडली. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "ए बाई, कुठे चाललीस?"

"घरी," राणी म्हणाली. आवाज ओळखून त्याने भाला बाजूला घेतला, आणि तिच्याकडे पाहून मान खाली घातली.

सदरेवर राजाचे हसू अजून ओसरले नव्हते. बाळराजे स्वतःच्या मोकळ्या पायांकडे बघत होते. राणी पुढे झाली, हात पसरून म्हणाली, "या, बाळराजे." बाळराजांनी किंकाळी फोडली आणि ते बापाच्या मांडीआड लपले.

राजा उठला. "इंदुलेखा? एका रात्रीच्या माहेरपणात हा काय अवतार?"

राणीने सगळे सांगितले. वारा, हंडा, मुलीची टाच. तमसाचे दारातले शेवटचे बोलणे तेवढे सांगायचे राहिले. राजाने शांतपणे ऐकून घेतले. तिला वाटले, ऐकतो आहे.

मग तो म्हणाला, "म्हणजे ती चेटकीण अजून जिवंत आहे. आणि न संपणारा हंडा रानात तसाच आहे, ओगराळ्यासकट." त्याने सेनापतीकडे पाहिले. "घोडे काढा."

"महाराज, तिची मुलगी मी या हातांनी पुरली."

"तुमचं मन हळवं आहे, राणीसाहेब. साहजिक आहे." राजाचा आवाज मवाळ होता. त्याने तिच्या खांद्यावर हातही ठेवला. "आत जा, न्हाऊन घ्या. दाईला सांगा केसांना काहीतरी करायला. पोर घाबरतं."

राणी हलली नाही. तिने राजाच्या डोळ्याला डोळा दिला.

"तमसाने तिचा मंत्र मला दिला आहे," ती म्हणाली. "सात अक्षरांचा आहे. वेशीबाहेर स्वारीचा एक घोडा गेला की मी तो म्हणेन. गेल्या वेळी सारं नगर दगड झालं आणि पुन्हा उठलं. या वेळी फक्त तुम्ही दगड होऊन बसाल, आणि तुम्हाला सोडवायला मी कुठेही जाणार नाही."

राजाने तिच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. त्या चेहऱ्यावर त्याच्या ओळखीचे काहीच नव्हते.

"घोडे राहू द्या," तो म्हणाला.

त्यानंतर राजा रणधवल कधी स्वारीला निघाला नाही. शेजारची राज्ये निर्धास्त झाली, रानातल्या हंड्याखाली जाळ टिकला, खिंडीतल्या घरांवर छपरे राहिली. पारिजातकाखालच्या मातीला कोणा घोड्याचा खूर लागला नाही. लोक म्हणाले, राजा वयाने शहाणा झाला. भाटांनी त्यावर कवने रचली. बाळराजे पाऊस सरेपर्यंत दाईपाशी निजले, मग हळूहळू आईपाशी येऊ लागले. पण झोपेत दचकले की हाक दाईलाच मारीत.

राजा राणीच्या महालात पुन्हा आला नाही. सदरेवर मात्र दोघे रोज शेजारी बसत. राज्याचा कारभार चालू असताना राजाचे लक्ष सारखे तिच्या ओठांकडे असे. कधी तो शेजाऱ्यांच्या श्रीमंतीचे बोलणे काढी, कधी तलवारीला हात घाली. मग राणी समोर बघत, आवाज न काढता, नुसते ओठ हलवू लागे. राजाचा हात मागे येई. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत तिने हे केले. त्या ओठांवर कुठलेच अक्षर नसे, आणि हे सांगायला तिला जन्मभरात कोणी माणूस मिळाले नाही.