तळ्यावरची सारखी वाटणी

मुलांनो, जंगलाच्या कडेला एक तळं होतं. त्याच्या काठच्या खड्यांत एक टिटवी राहत असे. तिची तीन पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती, त्यांना उडता येत नव्हतं. ऊन चढलं की टिटवी पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवी आणि धावत येऊन पिल्लांना पोटाखाली घेई. पिल्लं ती ओली पिसं चोखत. एवढ्याशा पाण्यावर त्यांचा जीव होता. आणि तळं? हत्ती आणि रानरेडे दिवसभर डुंबून ते आटवत चालले होते!

शेवटी सभा भरली. तीही तळ्यातच, कारण कोरड्यात उभं राहून हत्तीला काही सुचत नसे. पाठीवर सोंडेनं पाणी उडवत तो म्हणाला, "पाणी सगळ्यांचं, तेव्हा झळही सगळ्यांनी सारखीच सोसायची. आजपासून जो तो एक दिवसाआड पाणी घेईल."

"आणि डुंबायचं काय?" टिटवीनं विचारलं.

"डुंबणं म्हणजे पाणी घेणं नव्हे," रेडा म्हणाला. "उलट आमच्या अंगावरून निथळतं ते तुम्हां लहानांनाच मिळतं ना?"

"अहो, त्याचा चिखल होतो, चिखल! माझी पिल्लं एक दिवसही तहानेली राहायची नाहीत!"

हत्ती हसला. "टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात. खरं लक्ष हिच्यावरच ठेवायला हवं." सगळे खो खो हसले आणि कोल्ह्याला राखणीला बसवून मोकळे झाले.

दुसऱ्याच दिवशी कोल्ह्यानं टिटवीची वाट अडवली. "पाळी नसताना पिसांतून पाणी नेतेस?"

"आणि ते मागे लोळताहेत, ते दिसत नाहीत तुला?"

"ते कुठं काय नेताहेत? ते तर इथंच आहेत."

आता या शहाण्यापुढं कुणी कपाळ फोडायचं! त्या दुपारी टिटवीचं एक पिल्लू गेलं. ती ओरडत राहिली, आणि "काय ही कटकट!" म्हणून हत्तीनं कूस बदलली.

उन्हाळा सरायच्या आतच तळ्याचा चिखल झाला. मोठी जनावरं डोंगरापलीकडच्या नदीवर गेली, तर तिथल्या हत्तींनीही अशीच सभा भरवलेली. नदीत नुसती वाळू होती. तोंडं सुकवून सगळे परत आले. उडून जाता येत असूनही टिटवी तिथंच बसून होती. तिच्या पोटाखाली आता एकही पिल्लू उरलं नव्हतं.

"टिटवीताई, तू म्हणशील तसं करू. डुंबणंही बंद. बोल बाई, काहीतरी बोल," हत्ती काकुळतीला येऊन म्हणाला.

टिटवीनं चोच उघडली. कसाबसा आवाज फुटला. "बोलत होते तेव्हा पाणी होतं. आता ओरडायला घशात ओलसुद्धा नाही."

तात्पर्य : ज्यानं जास्त उपसलं त्यानं आधी हात आखडावा. उपसणाऱ्याला आणि तहानेल्याला एकच नियम लावणं हा न्याय नव्हे, आणि असल्या न्यायानं तळं शेवटी कुणालाच पुरत नाही.