रांजणापाशी कप्तान

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे भारी शब्दही येत नाहीत. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो.

"तुम्ही त्यांना पाणी का पाजलंत?"

आमचे कप्तान जयराज मोहोळकर उकंडाबुवांना हे विचारत होते. सकाळचे अकरा वाजले होते. मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

बुवा रांजणावरचं ओलं फडकं पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांले तहान लागली होती," ते म्हणाले.

कप्तान सहा फूट पाच इंच आहेत. बुवा त्यांच्या छातीपर्यंत येतात. तरी त्या उत्तरावर कप्तानच एक पाऊल मागे सरकले, हे मी पाहिलं.

झालं होतं ते असं. आमचा बास्केटबॉलचा संघ आठ वर्षं पुण्याचा होता. मालकांना तिथलं मैदान परवडेना, म्हणून या सीझनला त्यांनी संघ अकोल्यात आणला. नवं शहर, नवा हॉल, नवे कपडे. पहिल्याच सामन्याला दोन हजार माणसं आली. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. खेळ सुरू होण्याआधी आम्ही गोल केला, हातावर हात ठेवले आणि आठ वर्षांच्या सवयीनं एका दमात ओरडलो, "पुणे! पुणे! पुणे!"

हॉल गप्प झाला. मग मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या.

तो सामना आम्ही हरलो, नंतरचेही बरेच हरलो. पंधरातले बारा. दिवाळीनंतर तीनशे माणसं यायची, एप्रिलपर्यंत साठ-सत्तर उरली. त्या साठ-सत्तरांत उकंडाबुवा होते. हॉलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली त्यांची पाणपोई आहे. चार रांजण, वर तुराट्यांचं छप्पर. होळीला ते रांजण मांडतात आणि पाऊस लागल्यावर काढतात. सराव संपला की मी तिथे पाणी प्यायचो. मी राखीव खेळाडू. मैदानावर दोन-तीन मिनिटं उतरतो, त्यामुळे तहान कमी लागते, पण बुवांजवळ बोलावं लागत नाही, म्हणून जायचो.

आदल्या संध्याकाळच्या सामन्यात पाहुण्या संघाची सामानाची गाडी वाटेत बंद पडली. आमच्या लीगमध्ये ज्यानं त्यानं आपलं पाणी आणायचं अशी रीत आहे. त्यांच्याकडे थेंब नव्हता. आमच्या बाकामागे बाटल्यांचे बारा खोके होते. त्यांचे कोच दोनदा आमच्याकडे बघून गेले. आमच्यातलं कुणी उठलं नाही. कप्तान म्हणाले होते, नियम सगळ्यांना सारखा.

मग मधल्या सुट्टीत उकंडाबुवा एक चरवी आणि पितळी पेला घेऊन पायऱ्या उतरले आणि त्यांच्या बाराही जणांना पाणी देऊन गेले.

आम्ही तीन गुणांनी हरलो.

त्या रात्री सुरतच्या संघाच्या मॅनेजरचा कप्तानांना फोन आला. सुरतला त्यांना कप्तान हवा होता. विचार करायला एक दिवस दिला होता. मधला दिवस सोडून परवा सकाळी नऊला उत्तर द्यायचं. हे आम्हा सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि कप्तान गेले तर मालक संघ बंद करतील हेही. सगळ्या संघानं जेवताना नुसत्या पोळ्या मोडल्या.

सकाळी कप्तान मला म्हणाले, "तुझा तो म्हातारा दाखव मला."

म्हणून मी मध्ये उभा होतो.

"तुम्ही आमचा सामना बघायला येता की त्यांचा?" कप्तान म्हणाले.

"सामना काय मले समजत नाही. पोट्टे पळतेत, ते पाहतो."

"मग कुणाच्या बाजूनं असता?"

बुवांनी फडकं पुन्हा रांजणाला गुंडाळलं. "घर कोनाचं होतं काल?"

"आमचं. घरचा सामना होता."

"अन् ते?"

"ते प्रतिस्पर्धी. बाहेरून आलेले."

"मंग त्यांले पानी कोनं इचारायचं होतं?"

...

कप्तानांचा चेहरा तापला. मला वाटलं आता निघतील. पण ते निघाले नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी सगळं ओकून टाकलं. सहा महिने या गावात आहोत. किराणावाला नाव विचारत नाही. भाड्याच्या घरात शेजारी दार लावून घेतात. पोस्टरवरच्या आमच्या तोंडाला कुणी मिशा काढल्या, तेवढीच काय ती दखल. घर कसलं, आम्हीच इथे पाहुणे आहोत. पाहुण्याला आधी कुणीतरी 'या' म्हणायला हवं की नको?

बुवा ऐकत होते. ऐकताना त्यांनी ओगराळं रांजणातून काढलं, झटकलं, आणि त्याचा दांडा कप्तानांपुढे धरला.

"बस इथं. मले सरकारी दवाखान्यात जा लागते, सुनेचं बाळंतपन हाय. चार वाजता येतो."

"मी?"

"तू लंबा हायेस. रांजण खोल हाय."

आणि बुवा गेले. खरंच गेले. दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि वळणापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

कप्तान ओगराळं हातात घेऊन उभे राहिले. मला म्हणाले, "काय हा प्रकार?" मी बादली घेऊन हापशीकडे गेलो.

पहिला माणूस सायकलवरून आला. ओंजळ धरली. कप्तानांनी उभ्यानंच वरून पाणी सोडलं. अर्धं ओंजळीत, अर्धं त्याच्या सदऱ्यावर.

"अंघोळ नाही मागतली बावा," तो म्हणाला. "पानी मागतलं."

तो पिऊन गेला. कप्तान हसले नाहीत. पण पुढचा माणूस आला तेव्हा ते रांजणाशेजारच्या दगडावर बसले. तो दगड बुवांच्या मापाचा. कप्तानांचे गुडघे कानापर्यंत आले.

बारापर्यंत फार कोणी नव्हतं. बारानंतर ऊन असं पडलं की माणसं थांबायलाच लागली. कॉटन मार्केटमधले हमाल आले, परीक्षेहून सुटलेल्या मुली आल्या. एक म्हातारी आली, ती प्यायली आणि मग म्हणाली, धार बारीक कर, पाणी वाया जाते. कप्तानांनी बारीक केली. मी हापशीवरून खेपा घालत होतो. प्रत्येक खेपेला बघत होतो की कप्तान अजून आहेत का.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. इतकी माणसं आली, पण 'तुम्ही कुठले' असं कुणीही विचारलं नाही. थंड आहे का, एवढंच विचारत होते.

ओळखलं फक्त एका रिक्षावाल्यानं. त्यानं रिक्षा सावलीत लावली, ओंजळ धरली, आणि पिता पिता वर पाहिलं.

"तुमी ते पुण्याचे बास्केटवाले ना?"

कप्तान काहीतरी बोलणार होते. नंतर नुसतं म्हणाले, "हो."

"हारता लय."

"हो."

रिक्षावाला दुसऱ्या ओंजळीसाठी वाकला. त्यानं सांगितलं की पहिल्या सामन्याला तो दोन्ही पोरींना घेऊन आला होता. पोरींनी गालाला तुमच्या कपड्यांचा रंग लावला होता, निळा. वर्गातल्या सगळ्यांना सांगून आल्या होत्या. मग तुम्ही गोल केला अन् पुण्याचं नाव घेतलं. धाकटी त्याला म्हणाली, बाबा, आपण कोणाकडून आहो?

"मले काही सांगता आलं नाही," तो म्हणाला. "तिचा गाल पुसून देल्ला अन् आलो घरी."

...

ओगराळं रांजणाच्या काठाला टेकलेलं होतं. कप्तानांनी ते उचललं नाही. मी बादली घेऊन तिथेच थांबलो. मला वाटलं, ते म्हणतील की सवय होती, मुद्दाम नव्हतं. वर्तमानपत्रात त्यांनी तसंच सांगितलं होतं. मालकांनीही त्याचं पत्रक काढलं होतं.

"चुकलं आमचं," कप्तान म्हणाले.

एवढंच. त्या सीझनमध्ये हे आमच्यातल्या कुणीच कुणाला म्हटलं नव्हतं.

रिक्षावाल्यानं ओल्या हातानं मान पुसली. मग ओंजळ पुढे केली. "द्या अजून. लय ऊन हाय."

तिसरी ओंजळ पिऊन त्यानं तोंडावरून हात फिरवला, रिक्षा चालू केली, आणि निघता निघता विचारलं की पुढची मॅच कधी. मी 'उद्या संध्याकाळी सातला' असं म्हणालो, पण माझा आवाज इतका बारीक निघाला की कप्तानांना ते पुन्हा सांगावं लागलं. येतो असं तो काही म्हणाला नाही. मान हलवली आणि गेला.

तीनच्या सुमाराला कप्तानांच्या हाताला फोड आला. मी म्हटलं, मी बसतो. ते म्हणाले, नको, तू पाणी आण, दुसरा रांजण तळाला गेलाय. हा आवाज मला ओळखीचा होता. आम्ही पुण्यात जिंकत होतो तेव्हा ते मैदानावर असे बोलायचे.

चार वाजता उकंडाबुवा आले. ते सरळ छपराखाली आले नाहीत. रांगेत उभे राहिले, दोन हमालांच्या मागे. पाळी आल्यावर वाकले आणि ओंजळ धरली.

कप्तानांनी बारीक धार सोडली. एक थेंब खाली पडला नाही.

बुवा सावकाश प्यायले. मग म्हणाले, नातू झाला. तीन किलोचा हाय.

कप्तान दगडावरून उठले आणि बुवांच्या पाया पडले. उठले ते पुन्हा खाली बसले, बहुतेक गुडघे आखडले होते म्हणून, पण तसे बसूनच त्यांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात सकाळचं काही नव्हतं.

"बुवा, मला सुरतेहून बोलावणं आहे. उद्या सकाळी नऊला सांगायचंय. मी जाऊ की राहू?"

बुवांनी दुपट्ट्यानं दाढी पुसली. रांजणात डोकावून पाहिलं, किती उरलंय ते. रस्त्याकडे पाहिलं. तिकडून एक हातगाडीवाला गाडी ढकलत येत होता...

"जाशीन तं रांजण झाकून जाजो," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो आणि अकोला स्टेशनावर गेलो. त्या संध्याकाळी ज्यांच्याशी सामना होता तो संघ आठच्या गाडीनं येणार होता. पाहुण्यांना घ्यायला आमच्यातलं कुणी कधी गेलेलं नाही. मी का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर कप्तान आधीच उभे होते, हातात कळशी, बगलेत पेल्यांची चवड. मी त्यांच्या बगलेतले पेले काढून घेतले.

गाडी आली. ती मुलं डोळे चोळत उतरली. आम्हाला बघून आधी दचकली, आणि मग त्यांच्यातल्या एकानं पेला घेतला.

बरोबर नऊला कप्तानांच्या खिशात फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात कळशीला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनोळखी माणसाचा फोन कधी उचलत नाही, मला बोलता येत नाही. तरी त्यांच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, जयराजना द्या.

मी कप्तानांकडे पाहिलं. ते पाचव्या मुलाचा पेला भरत होते.

"ते पाणी देतायत," मी म्हणालो.

पलीकडून विचारलं, मग मोकळे कधी होतील?

"यंदा नाही होणार," मी म्हणालो आणि फोन ठेवला. कप्तानांनी ऐकलं होतं. त्यांनी कळशी थोडी तिरपी केली आणि विचारलं, "पुढे कोण आहे?"