ठकूचा घाट

घाटात अजून गाडीरस्ता झाला नव्हता, माणसं पायवाटेनं वर चढायची आणि वाघाच्या धाकानं मोठमोठ्यानं बोलत चालायची, त्या काळात ठकू होऊन गेली. घाटाच्या पायथ्याशी खैरवाडी आहे ना, तिथली ती. नवऱ्याचं नाव रावजी. एक लहानगी लेक होती, तिच्या पायात वाळे असायचे. पोर अंगणात धावायला लागली की खालच्या आळीला कळायचं, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात देवीची साथ आली. घराघरात माणसं तापानं फणफणली, अंगभर फोड आले. ठकूची लेक त्यात गेली. ठकू वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

रानाच्या कडेला वाघजाईचं देऊळ आहे. ठकू रोज तिथं दिवा लावायची, ते तिनं बंद केलं. सासू म्हणाली, "देवीशी असं वागू नये गं." ठकू म्हणाली, "तिनं माझ्याशी कसं वागावं, हे तिला कुणी सांगितलं का?" आणि ती चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पुढ्यात कुणी भाकरी ठेवली तर खायची, नाही ठेवली तर मागायची नाही. रावजी बोलला तर ऐकायची, उत्तर द्यायची नाही.

असाच पावसाळा आला. भाताची लावणी सुरू झाली आणि घरात माणूस राहीना. शेजारची येसू ओल्या पायांनीच आत आली. तिनं आपलं तान्हं बाळ ठकूच्या मांडीवर ठेवलं.

"येसू, मला दिसत नाही," ठकू म्हणाली.

"मांडीवर घेऊन बसायला कशाला दिसायला पाहिजे?" येसू म्हणाली आणि खाचराकडे गेली.

बाळ आधी रडलं. मग त्यानं चाचपत ठकूचं बोट धरलं आणि ते घट्ट धरूनच झोपी गेलं. ठकूला त्याचा ऊन ऊन श्वास हातावर लागत होता. लेक गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी ती पोटभर रडली. बाळ जागं होऊ नये म्हणून आवाज न करता रडली.

संध्याकाळी येसू पोर घेऊन गेली. ठकू भिंत धरत धरत उठली आणि वाघजाईच्या देवळात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझं माझं भांडण आहेच. ते मी सोडलेलं नाही. पण आज लेकरू मांडीवर निजलं. तेवढं पावलं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "आज सासूनं भाकरीला तीळ लावले होते. पावलं." कधी म्हणायची, "आज रावजी हसला, मला ऐकू आलं. पावलं." रोज काहीतरी सापडायचंच असं नाही. नाही सापडलं तर ती देवीसमोर गप्प उभी राहायची आणि परत यायची. पण शोधत मात्र राहायची. शोधता शोधता कोपरा सुटला, मग अंगण सुटलं, आणि काठी टेकत ती हिरडे वेचायला घाटात जाऊ लागली. कुठं झरा ठिबकतो, कुठं कारवीचा वास येतो, कुठं कड्याखालून वारा वर येतो, हे तिच्या अंगात मुरलं.

काही वर्षं गेली. भादव्यात गौरींच्या आधी वाडीतली बरीच माणसं घाटमाथ्यावरच्या बाजाराला गेली. रावजी गेला, येसूही गेली. सगळी परत निघाली आणि धुकं उतरलं. असं धुकं, की बैलाला स्वतःची शिंगं दिसेनात. एक बैल पाठीवरच्या गुळासकट कड्यावरून खाली गेला. तो पडल्याचा आवाजसुद्धा कुणाला ऐकू आला नाही, असं म्हणतात. मग कुणाचं पाऊल उचलेना. माणसं जागच्या जागी बसली आणि हाका मारू लागली.

हाका खाली वाडीत पोचल्या. खंडूजी पाटील चार गडी घेऊन वर निघाले आणि पहिल्याच वळणावरून मागे फिरले. "काही दिसत नाही," ते म्हणाले.

"मला रोजच दिसत नाही," ठकू म्हणाली. "मी जाते."

ती गेली. कड्याजवळ पोचून तिनं हाक दिली, "पागोटी सोडा, एकाला एक बांधा. धरून चला. बसू नका."

माणसं उठली, पण एकमेकांना धरून जागीच उभी राहिली. ठकूनं पुढून विचारलं, "येसू, आज तुला काय पावलं?"

"ही काय विचारायची वेळ आहे?" येसू रडत म्हणाली.

"हीच आहे. सांग."

"लेकरू घरी राहिलं, बरोबर आणलं नाही. ते पावलं."

मग मागच्यानं सांगितलं, मग त्याच्या मागच्यानं. कुणाला माहेरची बहीण बाजारात भेटली होती, कुणाचा खोकला थांबला होता. रावजी म्हणाला, "तू आलीस." बोलता बोलता पाय वाट धरू लागले.

कड्याच्या अगदी अरुंद जागी मात्र ठकू थांबली. पावसानं दरड कोसळून वाट पुसली गेली होती. काठी टेकली की खाली नुसता वारा. तेवढ्यात पुढं वाळे वाजले, असं म्हणतात. छुमछुम करत ते डोंगराच्या अंगानं वळले, आणि ठकू त्यांच्या मागोमाग चालली. ओळीतल्या शेवटच्या माणसानंही ते ऐकले. सगळे उतरले. एकाच्याही पायाला खरचटलं नाही.

ते वाळे लेकीचे की वाघजाईचे, हे ठकूनं कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तिनं देवळात दिवा लावला. सासूनं हळूच विचारलं, "भांडण मिटलं का गं?"

"मिटलं नाही," ठकू म्हणाली. "पण आता आम्ही बोलतो."

पुढं कितीतरी पावसाळे ती घाटात माणसांना वाट दाखवत होती. म्हातारपणी एकदा धुक्यात वर गेली. वाटसरू सुखरूप उतरले, ती मात्र उतरली नाही.

आता घाटातून एसटी जाते. तरी भादव्यात धुकं उतरलं, की खैरवाडीची माणसं एक दिवस जुन्या वाटेनं एकमेकांना धरून उतरतात आणि काय पावलं ते मोठ्यानं सांगतात. ज्याच्या घरी त्या वर्षी दुःख झालं असेल, त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला मधे घेतात, दोन्ही बाजूंनी हात धरतात आणि चालू लागतात.