लसणाचे तीन चिमटे

नागठेवच्या उदाजीराजांच्या दाताखाली लसणाची अख्खी पाकळी आली, आणि तीही नेमकी शेजारच्या राज्याचा वकील समोर बसून तहाच्या गोष्टी बोलत असताना. राजांचं तोंड कडवट झालं. वकिलाला वाटलं, अटी पसंत पडल्या नाहीत. तो हात धुऊन उठला आणि घोड्यावर बसून निघून गेला.

राजे तडक मुदपाकखान्यात आले. "आजचा लसूण कुणी ठेचला?"

लसूण सोलायचं आणि ठेचायचं काम वीस वर्षं अनसा करत होती. ती पुढे झाली. "मीच, सरकार. दोनशे पानांची चटणी होती. हात भरून आले, एक पाकळी निसटली."

"यापुढे निसटायची नाही," राजे म्हणाले, आणि त्यांनी दवंडी पिटवली. लसूण दाबून बारीक करील असा चिमटा घडवावा, महिनाभर आपल्याच घरी वापरून बघावा, मग दरबारात आणावा. ज्याचा पसंत पडेल तो राजवाड्याचा कारागीर होईल.

महिन्यानं तीन चिमटे आले. सोनारानं सोन्याचा मोर घडवला होता. शेपूट दाबली की चोच मिटायची, डोळ्यांत माणकं होती. तांबटाचा चिमटा पितळेचा, त्याला अकरा सुटे भाग आणि वर एक घुंगरू. लोहाराचा होता काळा, लोखंडी. दोन लांब दांडे, टोकाला भोकांची डबी, बस.

राजांचा जीव मोरावर जडला. पण दरबार भरलेला, तेव्हा रीत पाळायला हवी. त्यांनी अनसाला बोलावलं. "तूच सांग, यातला उत्तम कोणता?"

"पाकळ्या आणते, सरकार. दाबून बघू."

"दरबारात? कच्च्या लसणाच्या वासानं आम्हाला शिंका येतात, ठाऊक नाही? इथे एकही पाकळी दाबायची नाही, आणि चिमटे इथून हलवायचे नाहीत. कारागिरांनाही विचारायचं नाही, जो तो आपलंच घोडं पुढे दामटणार. उद्या दुपारपर्यंत सांग. कारण पटलं नाही, तर मोर ठेवू. मग दोनशे पानांचा लसूण जन्मभर तू त्याच्याच चोचीतून काढायचास."

अनसानं चोचीकडे बघितलं. पाकळीचं नुसतं टोक मावलं असतं. तिचे अंगठे आत्ताच दुखायला लागले.

"मोर म्हणून मोकळी हो," विसोबा आचारी तिच्या कानाशी म्हणाला. "राजे खूश, आपण खूश."

"तुम्ही व्हाल खूश. लसूण मला दाबायचाय."

तिनं हुजऱ्याला तिन्ही कारागिरांच्या घरी धाडलं आणि घरच्या बायांना निरोप दिला, 'तुमचा चिमटा राजांनी कायमचा ठेवून घ्यायचं ठरवलंय. काही म्हणणं असेल तर उद्या दुपारी दरबारात येऊन सांगा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली आली सोनारीण, शालू नेसून. "ठेवा की, सरकार. आमचं काही म्हणणं नाही."

"अडचण नाही ना होणार?" राजांनी विचारलं.

"कसली अडचण? महिनाभर तो मखमलीत गुंडाळून पेटीतच होता. वापरताना माणिक निखळलं असतं म्हणजे?"

राजांनी मोराकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

मग तांबटीण आली. "घ्या, सरकार, खुशाल घ्या. लसूण दाबायला एक क्षण, आणि भोकांतला लगदा सुईनं कोरायला अख्खी दुपार. एकदा धुऊन पुन्हा जोडला, तर हा खिळा उरला. कुठला, ते यांनाही सांगता येईना." तिनं खिळा राजांच्या पुढ्यात ठेवला. "हाही राहू द्या तुमच्याकडेच."

लोहारीण येईना. दुपार कलायला लागली, तेव्हा दारात आरडाओरडा झाला. पहारेकऱ्याला कोपरानं बाजूला सारत द्वारकी लोहारीण आत आली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"माझा चिमटा कुणी ठिवून घेतला?"

विसोबा खांबाआड सरकला. कारभारी म्हणाले, "बाई, समोर राजे आहेत."

"असू द्यात. राजांच्या घरी ठेचायला माणसं हायेत, माझ्या घरी मीच हाय. दाखवून आणतो म्हणून मालकानं नेला, त्यो कालपासनं हितंच. दोन येळा बिनलसणाचं कालवण झालं. सासू ताटावर रुसून बसलीय."

राजांना अशी बोलायची रीत नवी होती. रागवावं की काय, ते त्यांना सुचेना. "त्या काळ्या चिमट्यात आहे तरी काय एवढं?"

द्वारकीनं तबकातून चिमटा उचलला. "पाकळी सालासकट टाकायची. दांडं लांब हायेत, म्हातारीबी एका हातानं दाबती. लगदा खाली, साल आत. मग ह्यो दांडा असा उलटा फिरवायचा. मागचं दातं भोकात शिरत्यात, अडकल्यालं भाईर येतं. पान्यात बुचकाळला की झालं." चिमटा तिनं कमरेला खोचला आणि ती वळली. "येते. चुलीवर तवा हाय."

 राजे अनसाकडे वळले. "दुपार संपत आली. तुझं उत्तर?"

"सरकार, दोघी जणी तुम्हाला चिमटा द्यायला आल्या," अनसा म्हणाली. "एकटीच न्यायला आली. आणि बघा, घेऊन निघालीसुद्धा."

राजे हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग इतके की मंदील कानावर आला आणि तो सावरायला कारभाऱ्यांना उठावं लागलं.

अनसा त्याच दिवशी मुदपाकखान्याची कारभारीण झाली. विसोबानं तिला विचारून फोडणी द्यायची, असं ठरलं. लोहाराला राजवाड्याचं काम मिळालं, बारा चिमट्यांचं. ते घडेपर्यंत हा एक तरी ठेवून जा, असं सांगायला राजांनी हुजऱ्याला द्वारकीमागे पळवलं. तो हात हलवत परत आला.

"सरकार, बाई म्हणतात, त्यांचा सैपाक उरकला की तासाभरासाठी देतील. धुऊन परत करायचा."