सीटखालचा मीटर

सायकली बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. शर्वाणीच्या सायकलीवरचा मीटर सरावात तिला सतत वेग दाखवायचा. शर्यतीच्या दिवशी पंच म्हणाले, "शर्यत चालू असताना सायकलस्वाराला आकडे दिसता कामा नयेत, असा नियम आहे." शर्वाणीने मीटर काढून सीटखाली बसवला.

"माझ्याशिवाय हिला वेग कसा कळणार?" मीटर चिडून म्हणाला.

"पायांना कळतो," सायकल म्हणाली.

शेवटच्या फेरीत पुढच्या मुलीचे खांदे डुलू लागले. ती दमली, हे ओळखून शर्वाणीने जोर लावला आणि शर्यत जिंकली.

इतका वेग मीटरने आजवर कधी मोजलाच नव्हता. तो सायकलीला हळूच म्हणाला, "बरं झालं, मी समोर नव्हतो. हा आकडा बघून तिने घाबरून पाय आवरले असते."