शिंगे घासणारा कळप

मुलांनो, नदीकाठच्या एका रानात रानम्हशींचा मोठा कळप राहत होता. एका उन्हाळ्यात पलीकडच्या तीरावरून लांडगे आले. कळप चरायला पांगलेला पाहून त्यांनी डाव साधला, पाणवठा ताब्यात घेतला आणि दर पंधरवड्याला एक रेडकू उचलून नेऊ लागले. वाघापासून आम्ही तुम्हाला राखतो, असे वर ऐकवीत.

पण लांडगे होते मूठभर आणि म्हशी शंभराच्या वर. नुसत्या दातांवर हे राज्य चालणार नाही, हे ओळखून त्यांनी एका कोल्ह्याला कळपात पाठवले. शिंगे ही रानटीपणाची खूण आहे, सभ्य प्राण्यांच्या डोक्यावर असले काही नसते, असे तो रेडकांना रोज शिकवू लागला. जो खडकावर शिंगे घासून बोथट करी, त्याला पाणी आधी मिळे. दोन-तीन वर्षांत सारा कळप खडकापाशी रांग लावू लागला. आपण जन्मजात मठ्ठ, लांडगे आहेत म्हणून जगतो, असे म्हातारे रेडे पोरांना सांगत. लेकरांना खाणाऱ्यांचे गोडवे त्या लेकरांच्याच कानात गायचे, याहून संतापजनक ते काय असेल?

एका म्हशीने मात्र शिंगे घासली नव्हती. ती सगळ्यांचे टोमणे ऐके आणि शेवटी उरलेले गढूळ पाणी पिई. एके दिवशी लांडगे तिच्याच रेडकाला न्यायला आले. कळप माना खाली घालून उभा राहिला. ती एकटी धावून गेली आणि पहिल्याच धडकेत तिने म्होरक्या लांडग्याची कूस फाडली. आजवर कोणी उलटलेच नव्हते, त्यामुळे बाकीचे गांगरले आणि नदी ओलांडून पळत सुटले. कोल्हा त्यांच्याही पुढे होता.

यानंतर घडले ते अधिक वाईट. कळपाचा प्रमुख असलेला म्हातारा रेडा तिच्यावरच डाफरला, "हा शुद्ध रानटीपणा झाला. आधी शिंगे घासून ये. ते परत आले तर आपल्याला काय म्हणतील?"

म्हैस अजून धापा टाकत होती. ती म्हणाली, "ते गेले, दादा. तुम्ही मात्र अजून त्यांच्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघता आहात. माझे लेकरू वाचले, ते तुम्हाला दिसलेच नाही."

रेडके एकेक करून तिच्याजवळ येऊन उभी राहिली. त्या वर्षी फुटलेली कोवळी शिंगे कोणीच घासली नाहीत. म्हाताऱ्या रेड्याला मात्र मोकळ्या पाणवठ्यावरसुद्धा पाण्याला तोंड लावताना कित्येक दिवस भीती वाटत असे.

तात्पर्य : जुलमी सत्ता बळाने येते, पण टिकते ती आपण स्वतःला हीन मानू लागतो म्हणून; तिला रानातून हाकलले तरी मनातून हाकलेपर्यंत आपण सुटलो असे समजू नये.